हळदीची चिंधी

“पायपाचं तोंड कोरडं हाये, भाऊ,” रहेमतभाई म्हणाले.

मी चष्मा पुसून पाहिलं. उतारावरून तळ्याच्या काठापर्यंत आणलेल्या त्या पाइपातून चार महिने रात्रंदिवस पाणी पडत होतं. आज थेंब नव्हता. तोंडावरचं हिरवं शेवाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या.

“काल बंद केलं असेल,” मी म्हणालो.

“परवा.” त्यांनी शेवाळ नखानं खरवडलं. “इतकं एका दिवसात नाय वाळत.”

मग त्यांनी वर पाहिलं. निम्म्या उतारावर, जिथे गावाचं सांडपाणी स्वच्छ करतात, त्या केंद्राच्या तारेच्या कुंपणाशी त्यांचा मुलगा शाकिर उभा होता. पाणी सोडणं, बंद करणं हे त्याचंच काम. वडिलांची नजर वर आलेली दिसताच तो आत गेला.

सरकारी साहेब तळ्याच्या पाहणीला यायला अजून पाऊण तास होता. या पाण्याविरुद्धची आमची हरकत माझ्या खिशात होती, तीन पानं. खाली रहेमतभाईंची उर्दूतली सही, तिच्याखाली माझी. ती वाचून दाखवायची जबाबदारी मी का घेतली, हे मला तेव्हाही कळत नव्हतं. लोणारच्या वाचनालयात मी चौतीस वर्षं काढली. तिथे मोठ्यानं बोलायचा प्रसंग क्वचितच आला, आणि तो टळला की मला बरंच वाटायचं.

हरकत लिहायलाही अवघड होती, कारण पाणी घाण नव्हतं. तसं मी पहिल्याच परिच्छेदात कबूल केलं होतं. पाणी स्वच्छ होतं आणि गोडं होतं, हेच आमचं दुखणं. हे तळं खारं. त्याचा खार इतका तीव्र की त्यात मासा जगत नाही. जगतं ते हिरवं शेवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे जीव. असल्या पाण्यात चार महिने गोडं पाणी ओतलं तर मागे काय उरणार?

रहेमतभाईंचे वडील आणि आजोबा या तळ्यातून खार काढायचे. तो पापडाला जायचा, साबणाला जायचा आणि कुंकू करणाऱ्यांकडे जायचा. हळदीला खार लागला की ती लाल होते. त्यामुळे खाराची पारख त्यांच्या घरात हळदीनंच व्हायची. हळदीत भिजवून वाळवलेली चिंधी पाण्यात बुडवायची; लालभडक निघाली तर माल चोख. पुढे अभयारण्य झालं, खार काढणं बंद झालं, रहेमतभाई दोन एकर कपाशीवर आले. पण दर जुम्म्याला नमाजनंतर ते चिंधी घेऊन खाली उतरायचे. चिंध्या त्यांच्या पत्नी अख्तरीभाभी रंगवून द्यायच्या. असली परीक्षा करायचा तयार कागद मिळतो, असं मी एकदा सांगितलं, तर हसले. “तुमचा कागद दुकानात भेटते. हळद घरी हाये.”

शाकिर केंद्रावर लागल्यापासून ते भिजलेली चिंधी दोन्ही हातांनी वर धरायचे. तो कुंपणाशी येऊन पाहायचा. श्रावणात पाइपाजवळची चिंधी नारिंगी निघाली. भादव्यात ती पिवळीच राहिली, वीस पावलांपर्यंत. शाकिर पाहायचा आणि आत जायचा. घरी यावर कोणी बोलत नसे. बोलणार काय? आदल्या साली गुलाबी अळीनं बीटीची बोंडं आतून पोखरली, उभी कपाशी उपटून टाकावी लागली. त्यानंतर ही कंत्राटी नोकरी मिळाली, तिच्यावर चूल आणि त्याच्या मुलीची, अदीबाची, शाळा चालली होती.

“भाऊ,” रहेमतभाईंनी मला आधीच बजावलं होतं, “तुम्ही पाण्याचं लिव्हा. पोराचं नाव त्यात कुठीच येऊ देऊ नका.”

साहेब आले. बरोबर केंद्र चालवणाऱ्या कंपनीचा इंजिनीअर होता. गाड्या पाहून वरच्या शेतांतले आठ-दहा जणही खाली उतरले. त्यांतला हरिओम गप्प बसणारा नव्हता.

“साहेब, वर आमची कपाशी माना टाकून राह्यली, अन तुम्ही पाणी खाली सोडून राह्यले. वर चढवा न थोडं!”

“त्याला वेगळी योजना लागते,” इंजिनीअर म्हणाला.

“मंग आणा न. हे आणतानी आमाले कोणं इचारलं?”

साहेब शांत होते. रहेमतभाईंना म्हणाले, “बाबा, हे पाणी प्रयोगशाळेत तपासलेलं आहे. यात मासेसुद्धा जगतील.”

“या तळ्यात मासे नाय, साहेब. कधीच नव्हते.”

लोक हसले. साहेबही थोडे हसले. “बरं, तुमची ती हळदीची परीक्षा ऐकून आहे, दाखवा.”

रहेमतभाईंनी चपला काढल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि काळ्या चिखलात पाय रोवून पाइपाच्या तोंडाशी चिंधी बुडवली. वर काढली. लाल.

“झालं!” इंजिनीअर म्हणाला. “यांच्याच हळदीनं सांगितलं. काही बिघडलेलं नाही.”

दोन दिवसांत वाऱ्यानं तळ्याचं पाणी परत काठाशी आणलं होतं. हे रहेमतभाईंना कळत होतं, मलाही कळत होतं. पाइप परवापासून बंद आहे, एवढंच बोलायचं होतं. पण साहेबांचा पुढचा प्रश्न असता, कोणी बंद केला?

रहेमतभाईंनी चिंधी पिळली आणि माझ्याकडे पाहिलं. ते मला बोला म्हणत होते की बोलू नका, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही.

मी कागद काढला. पहिला परिच्छेद कसाबसा पार पडला. दुसरा सुरू केला, “सदर ठिकाणी सतत सोडण्यात येणाऱ्या पाण्यामुळे...” आणि समोर तो कोरडा पाइप. ‘सतत’ या शब्दापाशी माझा आवाज गेला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकलो.

“असू द्या आजोबा, कागद द्या,” साहेब म्हणाले. “फाइलला लावतो.”

मी हात पुढे केला. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

“काका, देऊ नका.”

शाकिर उतार उतरत येत होता. हातात व्हॉल्व्ह फिरवायचा लांब पाना होता.

“तू केंद्र सोडून खाली कशाला आलास?” इंजिनीअर ओरडला.

शाकिरनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. “साहेब, व्हॉल परवापासून बंद हाये. म्या बंद केला.”

“कोणाच्या सांगण्यावरून?” साहेबांनी विचारलं.

शाकिरची नजर एकदा इंजिनीअरकडे गेली. “बंद म्या केला,” तो पुन्हा म्हणाला. “अर्धा तास थांबा. खोलतो.”

“शाकिर,” रहेमतभाई पाण्यातूनच म्हणाले, “राहू दे, बेटा. अदीबाची शाळा हाये.”

“अब्बा, तुमची चिंधी आजवर खोटं नव्हती बोलली. आज माह्यामुळं बोलली.”

एवढं बोलून तो चढ चढून गेला. इंजिनीअर मोबाइल कानाला लावून बाजूला झाला. आम्ही बाकीचे पाइपाच्या तोंडाकडे पाहत उभे राहिलो.

आधी पाइप खोकल्यासारखा वाजला. मग गढूळ पाणी आलं, मग नितळ. हरिओमनं ओंजळ भरून नाकाशी नेली. “माह्या हिरीपेक्षा साफ हाये बे हे!” तो म्हणाला आणि ते पाणी तळ्यात मिसळताना पाहत राहिला.

बऱ्याच वेळानं रहेमतभाईंनी दुसरी चिंधी त्याच जागी बुडवली. पिवळी. साहेबांनी तिसरी मागून घेतली, बूट भिजू दिले, स्वतः बुडवली. तीही पिवळी. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे वळले.

“वाचा, आजोबा. दुसऱ्या परिच्छेदापासून.”

मी तिन्ही पानं वाचून संपवली. किती जणांना ऐकू गेली, सांगता येणार नाही.

आठव्या दिवशी शाकिरला कामावरून काढलं. पाणी बंद ठेवायचं पत्र महिन्यानं आलं, तेही ‘पुढील निर्णय होईपर्यंत’. शाकिर आता जालन्याला एका जिनिंगमध्ये दुसऱ्यांचा कापूस ओढतो. ईदला येतो.

मागच्या जुम्म्याला मी रहेमतभाईंबरोबर खाली गेलो. पाइपाच्या तोंडाशी त्यांनी चिंधी बुडवली. लाली हळूहळू चढली, पण चढली. सवयीनं त्यांनी ती दोन्ही हातांनी कुंपणाकडे उंच धरली. तिथे एक नवा माणूस उभा होता.

“काय पाह्यजे, बाबा?” त्यानं वरून ओरडून विचारलं.

रहेमतभाईंनी हात खाली घेतले. “काई नाय,” ते म्हणाले. हे वर ऐकू जाणं शक्य नव्हतं.

ओली चिंधी त्यांनी घडी करून खिशात ठेवली. चढ चढताना त्यांच्या पांढऱ्या कुडत्यावर लाल डाग पसरत गेला. मी तो पाहिला, पण त्यांना सांगितलं नाही.