जपानीणीच्या दारावरचा पोचा

नर्सबाईंच्या नाकावर बसलेली माशी कुणी पाहिली नव्हती. चुकून बसलीच, तर चूक माशीची असणार हे आधीच ठरलेलं. पस्तीस वर्षं त्यांनी घरोघर जाऊन बाळंतपणं केली, अडलेल्या बायका सोडवल्या, भल्याभल्या डॉक्टरांना चार शब्द सुनावले, पण ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द काही त्यांच्या तोंडून बाहेर पडले नाहीत. नवऱ्याने अठ्ठावीस वर्षं वाट पाहिली आणि शेवटी ते न ऐकताच तो गेला. मुलीने तर केव्हाच नाद सोडला होता.

स्वतःच्या खालोखाल बाईंना अभिमान होता तो त्यांच्या गाडीचा. पांढरी, जपानी कंपनीची, चोवीस वर्षांपूर्वी नवीकोरी घेतलेली. कंपनी पणज्याच्या काळापासून गाड्याच बनवत आलेली, त्यामुळे गाडी कशी बनवावी हे त्यांना आता कुणी शिकवायला नको, असं बाईंचं मत होतं. गाडीला त्या ‘जपानीण’ म्हणत. जपानीण चिखलातून गेली, घाट चढली, दोन बाळं तर तिच्या मागच्या सीटवरच जन्मली. इतक्या वर्षांत ती एकदाही रस्त्यात थांबली नव्हती. तेल बदलायचं, गाळणी बदलायची, ब्रेकच्या पट्ट्या झिजल्या की नव्या टाकायच्या, संपलं. त्यांचा मेकॅनिक उस्ताद कुरकुरायचा की बाई, असल्या आणखी चार गाड्या या वस्तीत आल्या तर मी शटर ओढून घरी झोपा काढीन. बाईंना ही कुरकुर फार गोड लागायची. मुद्दाम ऐकायला त्या त्याच्या गॅरेजवरून जायच्या.

आणि या अभिमानाच्या भरातच त्यांनी एक शब्द देऊन ठेवला होता. कुणी नव्या गाडीचं नाव काढलं की त्या म्हणत, “ही ज्या दिवशी नाही म्हणेल, त्या दिवशी मी स्वतः तिला भंगारात नेऊन घालीन.” हे त्या शेजाऱ्यांना म्हणाल्या, नातेवाइकांना म्हणाल्या, दवाखान्यातल्या सगळ्यांना म्हणाल्या. बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या वर्षी नवा नियम आला. वीस वर्षांवरच्या प्रत्येक गाडीने तपासणी केंद्रात हजर व्हायचं. पास झाली तर आणखी पाच वर्षं चालवा, नापास झाली तर केंद्राच्या मागेच भंगाराचं आवार होतं, तिकडे. आणखी एक अट होती: नंबर पुकारल्यावर पंधरा मिनिटांच्या आत गाडी स्वतःच्या इंजिनावर आत आली पाहिजे. ढकलत आणलेली गाडी नापास. बाईंनी नोटीस वाचली आणि हसून फ्रिजवर चिकटवून टाकली.

तपासणीच्या सकाळी छकुली सोबत आली. छकुली म्हणजे बाईंची मुलगी. चौतीस वर्षांची, दातांची डॉक्टर, स्वतःचा दवाखाना चालवणारी. पण आईने एकदा छकुली म्हटलं की जन्मभर छकुलीच. ती बसने कामाला जायची. गाडी चालवता तिला येत होती, पण पंधरा वर्षांत तिने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. याचं कारण जपानीणीच्या मागच्या दारावर होतं: तळहाताएवढा एक पोचा.

त्याची गोष्ट अशी. छकुली एकोणीस वर्षांची असताना एका सकाळी बाईंना दारावर हा पोचा दिसला. आदल्या दिवशी गाडी दोघींनीही चालवली होती. बाईंनी क्षणभरही विचार न करता पोरीला फैलावर घेतलं. पोरगी म्हणत राहिली, आई, मी नाही. बाई म्हणाल्या, “मग काय गाडी आपोआप जाऊन आपटली?” छकुलीने किल्ली टेबलावर ठेवली, ती परत उचलली नाही. वर्षभराने बाई दवाखान्याच्या मागच्या फाटकातून गाडी मागे घेत होत्या, तेव्हा त्यांना फाटकाच्या खांबावर पांढऱ्या रंगाचा एक ओरखडा दिसला. बरोबर दाराच्या उंचीवर. त्या गाडीतून उतरल्या, खांब बघितला, पोचा बघितला, आणि सगळं लख्ख आठवलं: घाईत मागे घेतलेली गाडी, कसलासा आवाज, आणि आत वाट बघणारी अडलेली बाई. घरी गेल्यावर सांगू, असं त्यांनी ठरवलं. घरी गेल्यावर म्हणाल्या, उद्या सांगू. त्या उद्याला चौदा वर्षं झाली. घरात पोच्याचा विषय निघाला की बाई मूग गिळून बसायच्या, आणि सगळे समजायचे की बाईंनी मोठ्या मनाने पोरीला माफ केलंय.

केंद्राच्या आवारात सोळा गाड्या रांगेत उभ्या होत्या. त्यातल्या तीन तर जपानीणीच्याच माहेरच्या. एकाच कंपनीच्या गाड्यांचे मालक एकत्र आले की सोयरीक जुळायला वेळ लागत नाही. दूधवाला सांगू लागला की त्याच्या गाडीने सव्वीस वर्षं दुधाचे कॅन वाहिले, वरचं छप्पर गंजलं पण इंजिनाने कधी खोकलासुद्धा काढला नाही. बाईंनी दोन बाळंतपणांची गोष्ट सांगितली आणि सगळ्यांवर कडी केली. मग आला घड्याळजी. टापटीप माणूस, शर्टाच्या खिशाला भिंग अडकवलेलं. त्याने नुसतं आपल्या गाडीचं बॉनेट उघडून वर केलं.

इंजिन असं चकचकत होतं की त्यात तोंड पाहून भांग पाडावा. दूधवाला वाकून वाकून बघू लागला. घड्याळजीने बाईंना अगदी नम्रपणे विचारलं, की तुमचंही बघू या का जरा. बाईंनी बॉनेट उघडलं. आत चोवीस वर्षांची धूळ, तेलाचे ओघळ, कुठल्याशा रस्त्यावरची दोन वाळकी पानं. घड्याळजी फक्त “हं” म्हणाला.

त्या ‘हं’ने घात केला. नंबर यायला अजून अर्धा तास होता. आवाराच्या कोपऱ्यात गाड्या धुवायला एक नळ होता, त्याला लांब रबरी नळी. बाईंनी पदर खोचला. छकुलीने हात धरला आणि हळूच म्हणाली की आई, इंजिनवर पाणी मारू नकोस, उस्ताद दर वेळी बजावतात. बाई म्हणाल्या, मला शिकवू नकोस, मी हजार पोरं न्हाऊ घातली आहेत. आणि त्यांनी जपानीणीला डोक्यापासून पायापर्यंत यथासांग आंघोळ घातली. धूळ गेली, ओघळ गेले, पानं वाहून गेली. इंजिन उजळलं. घड्याळजीकडे बघून बाईंनी बॉनेट असं काही आपटलं की रांगेतल्या सगळ्यांनी माना वळवल्या.

नंबर पुकारला गेला. बाई आत बसल्या, किल्ली फिरवली. खर्रर्र, खर्रर्र. परत फिरवली. खर्रर्र, खर्रर्र, आणि गप्प. आयुष्यात पहिल्यांदा जपानीण नाही म्हणाली होती. तेही कुठे, तर भंगाराच्या आवारापासून पन्नास पावलांवर, आणि तीन सोयऱ्यांसमोर.

बाईंनी आणखी दोनदा किल्ली फिरवून पाहिली. तपासनीस दारात येऊन घड्याळ बघून गेला. दूधवाला म्हणाला, व्हायचंच, वय झालं गाडीचं. त्याला वाईट वाटत होतं, पण बाईंच्या ते वर्मी लागलं. त्यांनी उस्तादला फोन लावला. तोवर छकुलीने बॉनेट वर केलं होतं. दोघींना ऐकू यावं म्हणून फोन मोठ्या आवाजावर टाकून बाईंनी तो बॅटरीवर ठेवला. म्हणजे दोघींबरोबर सगळ्या आवाराला ऐकू येणार होतं, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

उस्तादने आधी विश्वासच ठेवला नाही. मग त्याने एकच प्रश्न विचारला. “बाई, इंजिनवर पाणी मारलंत का?”

बाईंच्या तोंडात ‘नाही’ तयार होतं. इतक्या वर्षांची सवय, ते आपोआपच तयार व्हायचं. नाही म्हटलं की उस्ताद दुसरीकडे शोधत बसला असता, पंधरा मिनिटं संपली असती, आणि लोक म्हणाले असते, शेवटी गाडीनेच दगा दिला. बाईंची मूठ झाकलेली राहिली असती. त्यांनी छकुलीकडे पाहिलं. ज्या पोरीने अर्ध्या तासापूर्वी हात धरला होता, ती आता मुद्दाम दुसरीकडे बघत होती. ती आईची चुगली करणार नव्हती. तिने ती कधीच केली नव्हती.

“मारलं,” बाई म्हणाल्या. “छकुली नको म्हणत होती, तरी मारलं. गाडीचा काही दोष नाही उस्ताद, ती आपणहून नाही म्हणाली नाही. माझं चुकलं.”

छकुलीने चमकून मान वळवली. पलीकडून उस्ताद म्हणाला की मग काही काळजी नाही, पाच जाड वायरी जिथे जातात ती काळी वाटी शोधा, दोन क्लिपा काढा, आतून कोरडी करा. पाण्याचा एक थेंबही राहता कामा नये.

बाईंनी आपल्या बाळंतपणाच्या पेटीतून कापसाच्या जाळीच्या पट्ट्या काढल्या. वाटी मात्र छकुलीने हातात घेतली. आत दातांसारखे चार खुंट होते आणि त्यांच्या बेचक्यांत पाणी साचलं होतं. मग बाईंनी आपल्या लेकीला पहिल्यांदा काम करताना पाहिलं. घड्याळजीकडून तिने त्याचं भिंग मागून घेतलं, पट्टीचं टोक पिळून बारीक केलं, आणि एकेका खुंटाच्या मुळाशी नेऊन असं टिपलं, की बाईंना नुकत्याच जन्मलेल्या पोराचे कान पुसणारे आपलेच हात आठवले. घाई नाही, थरथर नाही. तपासनीस ओरडून चार मिनिटं उरल्याचं सांगत होता आणि ही दुसरी पट्टी मागत होती. बाईंनी मुकाट्याने ती पुढे केली.

वाटी बसली. क्लिपा लागल्या. किल्ली फिरली, आणि जपानीण अशी सुरू झाली, जणू मधे काही घडलंच नव्हतं. दूधवाल्याने टाळी वाजवली. बाईंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

आत तपासणी व्यवस्थित झाली. ब्रेक ठीक, धूर ठीक, दिवे ठीक. तपासनीस कागद घेऊन गाडीभोवती फिरला आणि मागच्या दारापाशी थांबला. अपघात झाला होता का, कुणाच्या हातून, अशी काहीतरी त्याची चौकशी होती. छकुली सवयीने पुढे झाली. आजवर पाहुण्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर ती दर वेळी हेच म्हणत आली होती, कारण नाही म्हणायचा तिला कंटाळा आला होता. ती म्हणाली, “माझ्याकडून झालं ते.”

“तिच्याकडून नाही,” बाई म्हणाल्या. “मी पाडला तो. दवाखान्याच्या फाटकावर. चौदा वर्षं मला माहीत आहे, आणि चौदा वर्षं मी तिच्या नावावर खपवला.”

तपासनीसाने एकदा आईकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. मग तो म्हणाला की त्याला फक्त दार नीट उघडतं का एवढंच लिहायचं आहे. त्याने दार उघडलं, लावलं, शिक्का मारला आणि पुढच्या गाडीकडे गेला.

छकुली बराच वेळ त्या पोच्यावरून बोट फिरवत राहिली. बोलण्यासारखं जे होतं ते बाईंचं बोलून झालं होतं, आणि कबुली देऊन वर सारवासारव करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. शेवटी त्यांनी किल्ली पुढे धरली. लेकीने किल्लीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि किल्ली घेतली.

चोवीस वर्षांत बाई पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर बसल्या. तिथून रस्ता वेगळाच दिसत होता.

“पट्टा लाव,” छकुली म्हणाली. बाईंनी निमूटपणे लावला.

केंद्राचं फाटक अरुंद होतं आणि बाहेर एक ट्रक आडवा लागला होता. छकुलीने आरशात पाहिलं, मान वळवून मागे पाहिलं, आणि गाडी सावकाश मागे घेत खांब आणि ट्रक यांच्यामधून काढली. दोन्हीकडे चार बोटं जागा राहिली. बाईंनी ती मोजली.

फाटकाशी उभा असलेला घड्याळजी खिडकीशी वाकला आणि म्हणाला की काही म्हणा बाई, गाडी अजून काय सुरेख चालते.

“गाडीचं काय घेऊन बसलात,” नर्सबाई म्हणाल्या. “माझी लेक बघा कशी चालवते ती.”