चित्र्याची एकवीस पावलं

झोपेतून उठल्यावर चित्र्या एकवीस पावलं उजवा मागचा पाय आखडून टाकी. बाविसाव्या पावलापासून पाय मोकळा होई. धुळा साखळी धरून त्याला फिरवी आणि मी बाजूनं मोजत चाले. तीन सकाळी मोजलं. फरक एखाद-दुसऱ्या पावलाचा.

१९४६ सालचा हिवाळा. खतासाठी धुळा धनगराची मेंढरं आमच्या इस्लामपूरजवळच्या रानात बसली होती. चित्र्या त्याचा नऊ वर्षांचा कुत्रा. बारा दिवसांपूर्वी धुळाच्या बायकोनं, हरणाबाईनं, वाटेतून उठवायला त्याला कमरेला धरून ओढलं आणि तो तिच्या हातावर धावला. दात लागले नाहीत. तरी बरोबरचा म्हातारा मेंढका बिराप्पा म्हणाला, "पिसाळलंय. मारून टाक." धुळानं कुत्र्याला बाभळीला बांधलं आणि 'उद्या बघू' म्हणत दिवस ढकलले. आता उद्या तळ हलायचा होता.

"पाणी पितो?" मी विचारलं.

"पितो की. भाकरी बी खातो," धुळा म्हणाला.

"आवं मास्तरीणबाई, मग माज्यावर का धावला?" हरणाबाई म्हणाली. "नऊ वरसं मीच भाकर घातलीया त्येला."

मी चित्र्याच्या पाठीवरून सावकाश हात खुब्यापर्यंत नेला. तिथं त्यानं मान वळवून ओठ उचलला. पाय वाकवताना बोटांखाली बारीक करकर जाणवली.

"पिसाळलेलं कुत्रं बारा दिवस असं खात-पीत राहत नाही," मी म्हणाले. "हा संधिवात आहे. सांध्यातला गुळगुळीत थर झिजलाय, हाडावर हाड घासतंय. तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी ओढलंत."

"म्हंजी माज्या सासूवानीच! तिला उठीवलं की ती बी अंगावर येती."

धुळा हसला. बारा दिवसांत पहिल्यांदाच, असं हरणाबाई नंतर म्हणाली.

"बांधून ठेवल्यानं सांधा जास्त आखडलाय. थोडं थोडं चालू द्या, ओलीवर झोपवू नका. बरा होणार नाही, पण त्रास कमी होईल. दिवसभराची चाल मात्र आता त्याला झेपायची नाही."



"मग काय ठरलं रं?" बिराप्पानं विचारलं.

धुळानं साखळी सोडली. "कोसभर चालंल, म्होरं सामानाच्या घोड्यावर."

"कुत्रं घोड्यावर? लोक हसत्याल गड्या."

"हसू द्यात," धुळा म्हणाला. "हरणे, उद्या घोड्यावर कोंबड्यांची पाटी ठिवू नगंस. चित्र्या आपल्यासंगं येतोय."