करकरणारं टेबल

बॅले कंपनीच्या सुतारखान्यात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला सगळे मिस्त्रीकाका म्हणत. नर्तक म्हणत, ऑफिसातले म्हणत, आणि दारावरचा पहारेकरी त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा असूनही म्हणे. काकांनी आजवर सात राजवाडे बांधले होते, तीन जंगलं उभी केली होती, एक जहाज बुडवलं होतं, आणि चंद्र किती केले ते त्यांनाही आठवत नव्हतं. त्यांच्या हाताखालून गेलेली वस्तू डुगडुगली किंवा वाजली असं कधी झालं नव्हतं. भला थोरला बुरूज मंचावर ढकलत आणला तरी चाकांचा आवाज पहिल्या रांगेला जायचा नाही. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता आणि तो लपवायच्या भानगडीत ते पडत नसत.

त्या वर्षी कंपनीने एक कार्यक्रम सगळा आधुनिक नृत्यांचा करायचं ठरवलं. तीन छोटी नृत्यं, तिन्ही कोरी करकरीत. राजपुत्र नाही, परी नाही, कारंजं नाही. पायांत बॅलेचे बूटसुद्धा नाहीत. पहिल्या नृत्यात मोजे, उरलेल्या दोन्हींत अनवाणी. नेपथ्याची यादी हातात आली तेव्हा काकांनी कागद उलटा करून पाहिला, मागे आणखी काही लिहिलंय का म्हणून. पहिल्या नृत्याला नेपथ्यच नव्हतं. दुसऱ्याला छतापासून लोंबणारा एक दोर. तिसऱ्याला एक टेबल.

"एक टेबल," काका घरी येऊन बायकोला म्हणाले. "नुसतं जेवायचं टेबल. मी काय आता एवढ्यापुरताच राहिलो?"

काकू बालवाडीत शिकवत. त्यामुळे कुठलीही गोष्ट ठसठशीत आणि खणखणीत आवाजात सांगायची त्यांना सवय होती.

"त्यांना तेवढं तरी मिळतंय," त्या म्हणाल्या. "या घरात तुम्ही लग्नापासून एका खुर्चीलाही हात लावलेला नाही. बसलं की किंचाळते."

काकांनी विषय बदलला.

टेबल मात्र त्यांनी मनापासून केलं. तिसऱ्या नृत्याच्या दिग्दर्शिका बाहेरून आल्या होत्या. बारीक अंगाच्या, केस पोरासारखे कापलेले, बोलताना सतत एका पायावर उभ्या. त्यांनी काकांना समजावून सांगितलं, की हे सहा जणांचं कुटुंब आहे. जेवायला बसलंय आणि कोणी कोणाशी बोलत नाही. मग ते टेबलावर चढतात, खाली शिरतात, कडेवरून घरंगळतात. पहिली चार मिनिटं संगीतही नाही. काकांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "एका वेळी जास्तीत जास्त किती जण चढणार?"

"सहाही."

"उड्या मारणार?"

"मारणार."

काकांनी जुन्या राजवाड्याच्या दरवाजाचं लाकूड काढलं, चांगलं टणक. तीन आठवडे खपून असं टेबल केलं की त्यावर हत्ती बसवला असता. मग ते वरच्या मजल्यावरच्या तालमीच्या हॉलमध्ये पोचवलं आणि दोराच्या कामाला लागले. तालीम बघायला जायची त्यांना कधी सवयच नव्हती. नाच हे नाचणाऱ्यांचं काम, असा त्यांचा सरळ हिशेब.

पहिल्या प्रयोगाच्या दिवशी सकाळी टेबल खाली मंचावर आलं. काका दोराची गाठ तपासत होते. सगळ्यात उंच नर्तकी, जिला सगळे शिडी म्हणत, टेबलाशेजारून जाताना सहज कोपऱ्यावर हात टेकून वाकली.

कर्रर्र.

काकांच्या काळजात चर्र झालं. ते तसेच दोर सोडून धावले. कोपरा दाबून पाहिला. कर्रर्र. पुन्हा दाबला. पुन्हा तेच. तालमीच्या हॉलमध्ये टेबल नेमकं हीटरशेजारी ठेवलं होतं. एका बाजूचं लाकूड वाळून आखडलं होतं आणि सांधा केसभर सुटला होता. टेबल हलत नव्हतं, पण बोलत होतं. इकडेतिकडे पाहिलं तर कोणाचं लक्ष नव्हतं. काकांना वाटलं, नशीब, अजून कोणाच्या कानावर गेलेलं नाही.

दुपारी सगळी मंडळी जेवायला गेली तशी काकांनी टेबल आडवं पाडलं. सांध्यात सरस भरला, पाचर ठोकली, वर दोन लांब स्क्रू पिळले आणि कडक आवळून ठेवलं. जेवण राहिलं, पण मंडळी परत येईपर्यंत टेबल दगडासारखं गप्प झालं होतं. काकांनी हात पुसले आणि विंगेत एका पेटीवर बसून शेवटची तालीम पाहायचं ठरवलं. आज स्वतःवर जरा खूश होते.

तिसरं नृत्य सुरू झालं. मंचावर दिवे आले, सहा जण टेबलाभोवती बसलेले. शांतता. शिडी उठली, टेबलाला वळसा घालून आली, कोपऱ्यावर हात टेकून वाकली.

काहीच झालं नाही.

पाच जण तसेच बसून राहिले. शिडी वाकलेलीच राहिली. मग एकाने मान डावीकडे फिरवली, दुसऱ्याने उशिरा उजवीकडे, तिसरा अंदाजाने उठला आणि चौथीच्या गुडघ्यावर आपटला. चौथी "आई गं!" म्हणून ओरडली. एक बशी खाली पडून गोल गोल फिरत राहिली, आणि ती थांबेपर्यंत सगळे तिच्याकडेच बघत होते.

"थांबा!" अंधारातून दिग्दर्शिकाबाईंचा आवाज आला. त्या धावत मंचावर चढल्या. त्यांनी कोपरा दाबला. एकदा, दोनदा, मग दोन्ही हातांनी. "हे गप्प का आहे?"

काका विंगेतून पुढे आले. "मी दुरुस्त केलं," ते हसून म्हणाले. "सकाळी करकरत होतं. काळजी करू नका, आता पंचवीस वर्षं ब्र काढणार नाही."

बाई पहिल्यांदाच दोन्ही पायांवर उभ्या राहिल्या.

"मिस्त्री," त्या हळू म्हणाल्या, "ती करकर म्हणजे आमचं संगीत होतं."

मग सगळा उलगडा झाला. तालमीच्या पहिल्याच आठवड्यात टेबल करकरायला लागलं होतं. बाईंना तो आवाज इतका आवडला की त्यांनी सगळी सुरुवात त्याच्यावर बसवली. शिडी वाकली की करकर, करकरीवर सहा माना एकदम वळणार. दुसऱ्या करकरीला तिघं उठणार. तिसरीला बाप टेबलावर चढणार. चार मिनिटांत अकरा करकरी होत्या, आणि नर्तकांनी मोजायला दुसरं काही ठेवलंच नव्हतं.

काकांचं तोंड एवढंसं झालं. "मला कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"तुम्ही टेबल दिलंत आणि वर फिरकलाच नाहीत," बाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता, पण खरं होतं, आणि काकांना ते लागलं.

साडेतीन वाजले होते. प्रयोग साडेसातला. आवाजवाल्याने सुचवलं की आपण करकरीचा आवाज स्पीकरवरून सोडू. त्याच्याकडे एक होताही. लावून पाहिला तर प्रेक्षकांच्या डोक्यावर कुठल्यातरी भूतबंगल्याचं दार उघडल्यासारखं वाटलं आणि शिडीला हसू आवरेना. मग कोणीतरी म्हणालं, स्क्रू सैल करा. काका एकदम ताठ झाले.

"सरस धरलाय. आता तो सांधा सोडवायचा म्हणजे टेबल फोडायचं. आणि हलणाऱ्या टेबलावर मी सहा पोरं चढू देणार नाही. मला काढून टाका हवं तर."

"मग?" बाई म्हणाल्या.

"मग मला विचार करू द्या."

अठ्ठावीस वर्षं आवाज घालवण्यात गेलेल्या माणसाला आवाज आणायचा कसा ते ठाऊक नव्हतं. काकांनी तासभर काय काय करून पाहिलं. दोन फळ्या एकमेकींवर घासल्या, नुसती खसखस. खिळा अर्धवट ठोकून पाहिला; तो चिमणीसारखा चिवचिवला. शेवटी त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, ती आपली खुर्ची. जी किंचाळते ती."

"आता सुचतंय तुम्हाला?" काकू म्हणाल्या.

"ती घेऊन ये. आत्ता. टॅक्सीने. आणि वाटेत तिच्यावर कोणाला बसू देऊ नकोस!"

पाऊण तासात काकू मागच्या दाराने खुर्ची काखोटीला मारून हजर. काकांनी सगळ्यांसमोर खुर्ची मंचावर ठेवली आणि काकूंना बसायला लावलं. खुर्ची अशी किंचाळली की बाईंनी टाळीच वाजवली. काकू उठल्या-बसल्या, उठल्या-बसल्या, आणि काका खाली आडवे पडून टॉर्चने बघत राहिले.

"आणखी किती वेळ?" सातव्यांदा उठताना काकूंनी विचारलं. "बालवाडीतल्या पोरांनाही मी एवढ्या बैठका घालायला लावत नाही."

"थांब, थांब. सापडलं!"

खुर्ची सैल नव्हतीच. तिची एक आडवी पट्टी वजनाने किंचित वाकत होती आणि वाकताना कोरड्या खुंटीवर घासत होती. म्हणजे सांगाडा भक्कम ठेवून करकर करता येत होती. काकांचे डोळे चमकले. त्यांनी कोपऱ्याजवळ टेबलाच्या वरच्या फळीत बोटभर रुंदीची खाच पाडली, तिच्यात एक लवचीक पट्टी वरच्या बाजूशी सपाट बसवली, आणि खाली पायाशेजारी एक टणक खुंटी अशी घट्ट रोवली की पट्टी दबली की तिच्यावर घासलीच पाहिजे. टेबलाचा बाकी कुठलाही सांधा हलायचा प्रश्न नव्हता. त्यांनी पट्टी दाबली. आवाज आला, पण बारीक, घसा बसल्यासारखा.

"राळ लावून बघा ना काका," शिडी म्हणाली. "बूट घसरू नयेत म्हणून आम्ही तळव्यांना राळ लावतो, तेव्हा जमिनीवर पाय असा करकरतो की विचारू नका. या वेळी बूटच नाहीत, म्हणून डबा तसाच पडलाय."

विंगेतून राळेचा डबा आला. काकांनी खुंटीला राळ चोळली आणि पट्टी दाबली.

क्वँक.

"बदक," बाई डोळे मिटून म्हणाल्या. "मला बदक नको. घर पाहिजे."

काकांनी पट्टीवरून दोनदा रंधा फिरवला. दाबली.

"जवळ आलंय. अजून जरा खाली. दुपारी सगळे झोपलेले असताना कोणीतरी उठतं ना, तसं."

अठ्ठावीस वर्षांत काकांना असं कोणी काही सांगितलं नव्हतं. लांबी सांगत, रंग सांगत, वजन सांगत. त्यांनी पटाशीने खुंटीची कड नखभर उतरवली, राळ थोडी पुसली, आणि या वेळी स्वतःही डोळे मिटून पट्टी दाबली.

कर्रर्र.

सहाही नर्तकांच्या माना आपोआप टेबलाकडे वळल्या होत्या. साडेसहाला दहा कमी होते.

काकूंना आता घरी जाऊन परत यायला वेळ नव्हता, म्हणून मॅनेजरने त्यांना पाचव्या रांगेत जागा दिली. त्या कंपनीचा प्रयोग फार वर्षांनी बघत होत्या. मागच्या खेपेला दुसऱ्या अंकात त्यांचा डोळा लागला होता आणि तेव्हापासून काकांनी बोलावणं सोडलं होतं. आज मात्र पहिल्या नृत्यातल्या मोजेवाल्या नर्तकांना त्या मनापासून हसल्या, आणि दोराच्या नृत्यात दोर हलला की त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळे.

तिसरं नृत्य सुरू झालं. विंगेत काका पेटीवर बसले नव्हते. पडद्याची कड मुठीत धरून उभे होते. शिडी उठली. वळसा घालून आली. वाकली.

कर्रर्र.

सहा माना एकदम वळल्या. सगळं थिएटर एका दमात हसलं आणि लगेच गप्प झालं. दुसरी करकर आली, तिघं उठले. तिसरी आली आणि बाप टेबलावर चढला. पाचव्या करकरीला कोणी हसलं नाही, कारण तोपर्यंत टेबलाभोवतीच्या त्या अबोल घरात काहीतरी बिनसलंय हे सगळ्यांना कळलं होतं. काकांनी अकराही मोजल्या. अकरावीला त्यांच्या लक्षात आलं, की आपण श्वास रोखून नाच बघतोय. तोही पुढून नाही, कडेने, पण बघतोय.

पाचव्या रांगेत काकूंशेजारी एक कोटवाले आजोबा बसले होते. ते बायकोच्या कानाशी वाकून पुटपुटले, "एवढी मोठी कंपनी, आणि टेबल बघ कसं करकरतंय. सुतार कोण आहे कोण जाणे."

काकू गर्रकन वळल्या.

"मुद्दाम आहे ते!" त्या बालवाडीतल्या आवाजात म्हणाल्या. "त्या करकरीला अख्खी दुपार गेलीये!"

आठव्या आणि नवव्या करकरीच्या मधल्या शांततेत हे वाक्य पार बाल्कनीपर्यंत गेलं. शिडीचे ओठ थरथरले, पण ती पट्टीची नर्तकी; तिने ते हसू गिळून टाकलं. आजोबांनी मात्र शेवटी सगळ्यांआधी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि जाताना काकूंना वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका राळ लावायला मंचावर आले तेव्हा सहाही जण इकडेतिकडे पाय ताणत, पाणी पीत, गप्पा मारत पडले होते. काकांनी खुंटीला राळ चोळली आणि बरोबर झालंय का ते पाहायला कोपऱ्यावर हात टेकून वाकले.

कर्रर्र.

सहा माना एकदम वळल्या.

काका चपापले. मग त्यांनी पुन्हा दाबलं. तिघं ताडकन उठून उभे राहिले. काकांना हसू फुटलं. त्यांनी तिसऱ्यांदा दाबलं आणि बाप झालेला नर्तक हातातल्या पाण्याच्या बाटलीसकट टेबलावर चढला.

"मिस्त्री!" पाठीमागून बाईंचा आवाज आला. "माझी माणसं दमवू नका!"

"शेवटचं एकदा," काका म्हणाले, आणि पुन्हा वाकले.