आवाज आला होता

उद्धवरावांनी बोट वर केलं आणि ते खाली यायच्या आधीच फलंदाजानं दोन्ही हातांनी इंग्रजी ‘टी’ अक्षराची खूण केली. यष्टिरक्षक अजून चेंडू उंच धरून उभा होता. लेग अंपायर जयसिंग आपल्या जागेवरून दोन पावलं पुढं आला आणि तिथंच थांबला.

भोसरीच्या या मैदानावर कंपन्यांची स्पर्धा तीस वर्षं चालली होती, पण अंपायरचा निर्णय तपासायला मागायची सोय यंदाच आली होती. मैदानाभोवती तीन कॅमेरे, यष्टीमागं पुरलेला माइक आणि सीमेबाहेरच्या मांडवात एक टॅब. तिसरा अंपायर परवडत नव्हता. म्हणून ज्यानं निर्णय दिला त्यानंच मांडवात जायचं, बघायचं, ऐकायचं आणि काय ते ठरवायचं. दोन दिवसांत उद्धवराव तीनदा जाऊन आले होते. तिन्ही वेळा धावबाद होतं. तिथं डोळे पुरले होते.

टॅब चालवणारी स्वरूपा सॉफ्टवेअर कंपनीत होती, चार दिवसांची रजा टाकून आली होती.

"बसा काका. कॅच बिहाइंड ना? ह्याला हेडफोन लागतील."

तिनं चित्र हळू केलं. चेंडू बॅटच्या इतक्या जवळून गेला की मधे फट होती की नव्हती ते कळेना. उद्धवरावांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले.

"ऐकू आलं?"

त्यांनी तिच्या तोंडाकडं बघितलं. इतकी वर्षं ते हेच करत आले होते. झेलाचं अपील झालं की तोंडं बघायची. फलंदाजाची नजर बॅटच्या कडेकडं गेली, यष्टिरक्षक ओरडायच्या आधी हसला, की बोट वर. दहातले आठ निर्णय बरोबर येत. लोक म्हणत, उद्धवरावांचा कान म्हणजे कान.

स्वरूपाचं तोंड कोरं होतं.

"आवाज वाढवू?"

"वाढवा."

"हा फुल आहे. आता?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मी काही सांगायचं नाही काका. नियमच आहे तसा."

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "अंपायरसाहेब, जेवूनच येताय का?" खेळाडू हसले असावेत. उद्धवरावांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"मला ऐकू येत नाही, बाई."

"बिघडला की काय?" तिनं हेडफोन उचलून स्वतःच्या कानाला लावला.

"तो चांगलाय. माझे कान गेलेत. डावा पार बंद. उजव्यानं जवळचं बोलणं तेवढं कळतं. फोर्जिंगला होतो. लोखंड ठोकायच्या हॅमरवर एकोणतीस वर्षं."

स्वरूपानं हेडफोन उतरवला. मग तिनं टॅब त्यांच्याकडं सरकवला.

"आवाज दिसतोसुद्धा, काका. ही खालची हिरवी रेघ."

ती रेघ त्यांनी तीनदा पाहिली होती. शोभेची असेल असं त्यांना वाटलं होतं. स्वरूपानं आधी मागच्या षटकातला चौकार दाखवला. चेंडू बॅटवर आला त्या क्षणी रेघेतून खिळ्यासारखं टोक वर आलं. मग तिनं झेलाचं चित्र लावलं. चेंडू आला, बॅटजवळून गेला, यष्टिरक्षकाच्या हातात शिरला. बॅट ओलांडताना रेघ सरळच होती.

"परत लावा."

तिनं परत लावलं. रेघ तशीच.

"जुन्या मॅचचं असं बघता येतं का?"

"किती जुनी?"

"सव्वीस वर्षं."

"रेकॉर्डिंग असेल तर येईल."

"नाही."

"मग कसं बघणार, काका?"

हेच मैदान होतं तेव्हा. जयसिंग तेवीस वर्षांचा, उद्धवरावांच्याच कंपनीत टेम्पररी. चांगल्या खेळाडूला कंपन्या तेव्हा कायम करून घेत, आणि त्या दिवशी खुद्द मॅनेजरसाहेब त्याचा खेळ बघायला आले होते. दुसऱ्याच चेंडूवर उद्धवरावांनी त्याला झेलबाद दिलं. जयसिंग हलेना. बॅट पुढं करून म्हणाला, "लागला न्हाई." संध्याकाळी साहेबांनी उद्धवरावांना बोलावून विचारलं, "पोरगा उगाच वाद घालतो, की तुम्ही चुकलात?"

पुढच्या आठवड्यात कंपनीची कानांची तपासणी होती. नापास झालेल्याला पॅकिंगला टाकत आणि ओव्हरटाइम बुडे. ती तपासणी उद्धवराव दोन वर्षं काचेत बघून पास झाले होते. आवाज सोडायचं बटण दाबणाऱ्याचं बोट काचेत दिसे. ते हललं की हे हात वर करत.

"आवाज आला होता, साहेब," ते म्हणाले होते.

महिनाअखेर जयसिंगला गेटवरूनच परत पाठवलं. त्यानंतर तो कधी चाकणला, कधी भोसरीला, ठेकेदार बदलत राहिला. कायम कुठंच झाला नाही. गेली अकरा वर्षं दोघे जोडीनं अंपायरिंग करत होते. त्या चेंडूबद्दल एक शब्द निघाला नव्हता.

उद्धवराव बाहेर आले. दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन त्यांनी आपला निर्णय मागं घेतला. फलंदाज एका मोठ्या कंपनीतला अधिकारी होता, स्वतःच्या गाडीतून आला होता. त्यानं हसून अंगठा दाखवला. त्याच्या खेळण्यावर काहीच अवलंबून नव्हतं.

तीन षटकांनी डाव संपला. पत्र्याच्या शेडमध्ये चहा आला. उद्धवरावांनी कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

"जयसिंग, साहेब आले होते त्या मॅचमधला तुझा कॅच. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तेव्हाही कान गेलेलेच होते. साहेबांना मी खोटं सांगितलं."

जयसिंगनं बिस्कीट चहात बुडवलं, खाल्लं.

"ठाऊक हाय."

"काय ठाऊक आहे?"

"कानाचं. जोडी लागली त्या पयल्या वर्षीच कळलं. डावीकडनं हाक मारली की तुमी वळत न्हाई. म्हनून तर मी कायम उजवीकडनं चालतोय."

"मग बोलला का नाहीस कधी?"

"मी काय बोलू? बोलायचं तुमी व्हतं."

उद्धवरावांनी कप खाली ठेवला. पुढचा डाव सुरू करायला मैदानातून हातानं खुणा झाल्या. दोघे उठले, टोप्या घातल्या आणि निघाले.

सीमारेषेपाशी जयसिंग थांबला. मागून वळसा घालून तो त्यांच्या डाव्या हाताला आला आणि बोलायला लागला. चालता चालता बोलतच राहिला. एकदा त्याचा हात हवेत उडाल्यासारखा डोळ्याच्या कोपऱ्यात दिसला, एकदा तो नुसताच थांबला आणि परत बरोबरीला आला. मान वळवली असती तर तोंडावरून थोडंफार कळलं असतं.

उद्धवराव खेळपट्टीपर्यंत समोर बघत चालत राहिले.