उपाशी उंदरांचे हिरवे ठिपके

नवऱ्याच्या पँटच्या कमरेला नवी शिवण दिसली आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. शिंप्याने स्वतःची पँट आत घेतली, यात वावगं काही नाही. पण आमच्या शिंपीमहाराजांना मी वर्षभर एक बटण लावायला सांगतेय, ते होत नाही, आणि कंबर मात्र गुपचूप आत गेलेली. तीही दोनदा. जुन्या टाक्यांची भोकं शेजारी तशीच होती.

माझा स्वभाव संशयी आहे, नाकारत नाही. बावीस वर्षं प्रयोगशाळेत उंदरांच्या मूत्रपिंडांचे काप काढून काचेवर लावतेय. तिथे दुसऱ्याच्या लेबलवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. नवऱ्याची मूत्रपिंडं दोन वर्षांपासून कुरकुरत होती. किती जेवायचं, किती पाणी प्यायचं, सगळं डॉक्टरांनी लिहून दिलेलं. तरी गेल्या तपासणीत रक्तातलं क्रिएटिनिन वर सरकलं. पुन्हा असंच झालं तर डायलिसिसची तयारी ठेवा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

मग डब्याकडे लक्ष गेलं. रोज रिकामा, आणि वर धुतलेला! जो माणूस पाणी प्यायलेला पेला जागचा हलवत नाही, तो डबा धुतो? जेवण टाकून देतोय, म्हणजे कुणीतरी भोंदू गाठलाय आणि त्याची पुडी चालू आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत माझेच दात घशात गेले. पेशी स्वतःचा कचरा बारीक पिशव्यांत भरते आणि मग पचवून टाकते. रंग दिला की त्या पिशव्या हिरव्या ठिपक्यांसारख्या दिसतात. उपाशी ठेवलेल्या म्हाताऱ्या उंदरांत मी ढीगभर ठिपके मोजले होते. उपासाने सफाई वाढते, असं तीन महिने आम्ही छातीठोकपणे सांगत होतो. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी फोटो पाहिले आणि विचारलं, "पिशव्या भरल्यात हे दिसतंय. रिकाम्या होतात का, ते कुणी पाहिलं?"

कुणीच पाहिलं नव्हतं. मग औषध देऊन पिशव्या पचणं मुद्दाम बंद केलं. सफाई चालू असेल तर ती थांबल्यावर ठिपके वाढायला हवेत. तरुण उंदरांत वाढले. म्हाताऱ्यांत जैसे थे. म्हणजे तिथे सगळं आधीच तुंबलेलं होतं. माझी मोजणी अचूक होती, अर्थ साफ चुकला होता.

त्या चिडीतच दुपारी सुट्टी टाकून मी न सांगता दुकानात गेले. बाहेर शेजारचा घड्याळजी आमचाच डबा उघडून बसला होता. "वहिनी, तीन महिने खातोय, काय चव आहे हो तुमच्या हाताला!" म्हणाला. म्हणजे माझं रांधणं हा खात होता.

"कुठल्या बाबाचं ऐकताय?" मी आत शिरताच विचारलं. नवऱ्याने कापड मशीनखाली सरकवलं. मी मशीनचा खण ओढला. बॉबिनी, खडू, आणि तळाशी घडी घातलेला कागद. हिरवे ठिपके. मीच कौतुकाने घरी आणून दाखवलेला फोटो.

"तूच म्हणालीस ना," तो म्हणाला, "उपाशी राहिलं की किडनी स्वतःला साफ करते. म्हाताऱ्यांचीसुद्धा. मी दिवसभर पाणीपण सोडलं, म्हणजे कसं, पक्कं काम."

"मला विचारायचं तरी!"

"तू नको म्हणाली असतीस."

स्टुलावर बसून मी सगळं सांगितलं. पिशव्या भरतात पण पचत नाहीत, पाणी सोडल्याने उलट नुकसानच झालंय, मी चुकले, आमची सगळी प्रयोगशाळा चुकली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग लहान मुलीकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहून हसला.

"थापा मारतेस. मला जेवायला लावायचंय म्हणून."

"अहो, खरंच चुकले मी!"

"तू?" तो म्हणाला. "बावीस वर्षांत कधी चुकलीस?"

मला रडू फुटलं. मी पेला भरून त्याच्यापुढे धरला. त्याने तो हळूच बाजूला सरकवला, कापडावर पाणी सांडू नये म्हणून, आणि मशीन चालू केलं.