सैल सोडलेला दोर

शिमगा चार दिवसांवर आला, तरी योगिनीचा फोन नाही. मीच रोज लावायचो, आणि रोज माझं एकच पालुपद, "येतेस ना गो? पालखी दारात यायची आणि घरात मी एकटा. लोक तोंडात शेण घालतील माझ्या." शेवटी तिने फोन उचलणंच बंद केलं. माझी एकुलती एक लेक, बंगळुरात विमानांचे पंख आखते. तिची आई गेल्यापासून मला दुसरं आहे कोण?

त्याच संध्याकाळी शेजारची निशिगंधा मोबाईल घेऊन आली. "केरूकाका, बघा, तुमची योगिनी पोरांना शिकवतेय."

व्हिडिओत योगिनी सांगत होती, "पंखाच्या फुगीर पाठीवरून हवा झपाट्याने जाते, तिथला दाब कमी होतो. पंख हवेला खाली वळवतो आणि स्वतः वर उचलला जातो."

"ह्यात काय नवल?" मी म्हटलं. "आमचं शीड असंच होडी ओढायचं. दाभोळच्या खाडीत शिडाचा दोर हिच्याच हातात द्यायचो मी, आठ वर्षांची होती तेव्हा."

ती पुढे म्हणाली, "पण पंख फार तिरका केला, की हवा त्याची पाठ सोडते आणि विमान खाली येऊ लागतं. तेव्हा घाबरून नाक आणखी वर ओढायचं नसतं, खाली करायचं. हे मला माझ्या बाबाने शिडाच्या दोरावर शिकवलं."

मेल्या केरू, शिकवलंस तू, आणि विसरलासही तूच! फार ताणलं की तुटतं म्हणतात. शीड तुटत नाही, वारा सुटून नुसतं मुकं होतं. मग होडी जागची हलत नाही, आपण आपले दोर खेचत बसतो, सैल सोडायचा सोडून.

निशिगंधेच्या मोबाईलवरून निरोप बोलून पाठवला, "योगिनी, शिमग्याला नको येऊस. तुझी कामं कर. मी बरा आहे." खोटं होतं ते.

दहा मिनिटांत तिचा फोन आला. अर्धा तास बोलली, पंखांचं, ऑफिसचं, तिथल्या बेचव माशांचं. किती दिवसांनी हसली! येते म्हणाली नाही.

आज पालखी आली. ओटी निशिगंधेने भरली. ढोल वाजत असतानाच फोन आला, "बाबा, मला ऐकव ना."

फोन वर धरला. ढोल थांबल्यावर कानाला लावला. 'ये गो' अगदी ओठांवर आलं. गिळलं.

"बाबा, आहेस ना?"

"आहे गो. तू बोल."