फक्त माणसाचा आवाज

"जवळ ने. अजून जवळ. सुईपाशी नको गं, मागे, पट्ट्याच्या बाजूला धर. हां, आता चालव."

अण्णा, म्हणजे माझे सासरे, भिंतीतल्या प्लगला खुर्ची खेटून बसले होते. चार्जरची वायर काढली की त्यांचा फोन मान टाकायचा, त्यामुळे बोलायचं तर तिथेच बसून. उजव्या कानाला फोन, डाव्या कानात बोट, डोळे गच्च मिटलेले. पलीकडे कपडे शिवायच्या कारखान्यात एक बाई आपला फोन चालत्या मशीनला लावून उभी होती.

"धागा कुठे तुटतोय, वरचा का खालचा?" अण्णांनी विचारलं. मग, "शिवण मधेच सुटतेय का?" मग, "पुन्हा चालव." तिसऱ्यांदा "पुन्हा चालव" म्हणाले तेव्हा मी गॅस बारीक करून बाहेर आले.

"पट्टा सैल झालाय," शेवटी ते म्हणाले. "बोटाने दाबून बघ, किती आत जातो ते."

पट्टाच निघाला. पण फोन ठेवल्यावर अण्णांच्या चेहऱ्यावर नेहमीचा आनंद दिसला नाही. "याचा आवाज गेलाय हल्ली," ते फोनकडे बघत पुटपुटले.

अण्णा चाळीस वर्षं शिलाई मशीनचे मिस्त्री. मशीन उघडायच्या आधी ते ऐकायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, की दुखणं कुठे आहे ते त्यांना कळायचं. तीन वर्षांपूर्वी ते पडले, खुबा मोडला, हातात काठी आली, आणि कारखान्याचे तीन मजले चढणं कायमचं संपलं. आता हा माणूस दिवसभर घरात बसून माझ्या डोक्यावर मिरे वाटणार, असं मी गृहीत धरलं होतं. खोटं कशाला बोलू? पण महिन्याभरातच फोन सुरू झाले. सगळ्यात जास्त फोन त्या कारखान्यातल्या सुपरवायझर बाईचे. तिचं प्रत्येक बोलणं "काका, घाई आहे हो" असंच सुरू व्हायचं, म्हणून आमच्या घरात तिचं नाव घाईताई पडलं. तिच्या हाताखाली बावीस मशीनं. ती मशीनला फोन लावायची, अण्णा ऐकायचे आणि सांगायचे. त्या फोनवर अण्णा जगत होते, हे मला जरा उशिराच कळलं.

नवीन फोनचा विषय नवऱ्याने काढला. दोन महिने तो रोज जेवताना नवं मॉडेल आणि जुनं मॉडेल यांची तुलना वाचून दाखवायचा. अण्णांच्या फोनची पाठ फुगली होती. तो म्हणायचा, "अण्णा, हा एक दिवस कानाशी फुटेल."

"फुटू दे. मला काय त्यात सिनेमे बघायचेत? ऐकू आलं की झालं."

"नव्यात जास्त चांगलं ऐकू येतं."

"कशावरून?"

यावर नवरा पडद्याचा आकार सांगायचा. असं दोन महिने चाललं. आणि त्या पट्ट्याच्या फोननंतर आठवड्याभराने, एका संध्याकाळी, अण्णा स्वतःच म्हणाले, "चल, बदलून टाकू." नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू निवडणूक जिंकून आलाय. अण्णा अचानक तयार का झाले, हे आम्हा दोघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

दुकानातल्या विक्रेत्याने आधी कॅमेऱ्याचं पुराण लावलं. अण्णांनी काठी जमिनीवर आपटली. "मी कुणाचे फोटो काढू? आवाज कसा आहे ते सांगा."

"आवाजाचं तर विचारूच नका आजोबा," तो म्हणाला. "पुढचा माणूस भर बाजारात उभा असू दे. आजूबाजूचा सगळा कचरा हा काढून टाकतो. तुमच्या कानावर येणार फक्त माणसाचा आवाज."

मी तर त्या वाक्यावर भाळलेच. "अण्णा, हाच घ्या," असं मीच म्हणाले. हे मी आधीच कबूल करून टाकते.

तिसऱ्या दिवशी घाईताईचा फोन आला. बावीस मशीनांवरून ओरडून ओरडून तिचा आवाज असा खणखणीत झालाय की अण्णांच्या कानातला फोन मला चार हातांवरून ऐकू येतो. "काका, घाई आहे हो. ओव्हरलॉक काहीतरी वेगळंच बोलतंय. ऐका." ओव्हरलॉक म्हणजे कापडाच्या कडा शिवायचं मशीन, हे मला एव्हाना पाठ झालं होतं.

अण्णांनी डोळे मिटले. "चालव."

"चालूच आहे काका."

अण्णांनी डोळे उघडले. फोन डाव्या कानाला लावला, परत उजव्या कानाला आणला. मी समोर बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. त्यांचा चेहरा मी पाहिला, पण त्यात काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही.

"येतंय ना ऐकू?" ताईने विचारलं.

"हो, हो. येतंय की. काही नाही, तेल कमी पडलंय. तेल घाल आणि चालव."

"बघा, किती स्पष्ट येतो आवाज!" मी म्हणाले. अण्णा चहा अर्धा ठेवून उठले. संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत गेले तर भिंतीवरचं घड्याळ काढून त्यांनी कानाला लावलं होतं. मला बघून म्हणाले, "सेल संपलाय का, ते बघत होतो." घड्याळ व्यवस्थित चालू होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. ओव्हरलॉकची सुई तुटली होती, आतला लूपर, म्हणजे खालचा धागा ओढणारा आकडा, मोडला होता, आणि सुईचा तुकडा मशीनवरच्या बाईच्या बोटात घुसला होता. दोन टाके पडले. घाईताई रागावली असती तर बरं झालं असतं. ती उलट समजूत घालत होती, "बरी आहे ती काका. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

फोन संपल्यावर अण्णांनी तो माझ्यापुढे धरला. "हा बंद कसा करायचा ते दाखव. पूर्ण बंद."

मी बंद केला.

"आणि तुझ्या फोनवरून तिला सांग, दुसरा मिस्त्री बघ म्हणावं. मला नाही जमणार सांगायला." एवढं बोलून ते आत गेले. त्या दिवशी मला पहिल्यांदा ते म्हातारे वाटले.

तीन दिवस मी ते सांगणं टाळलं. तीन दिवस अण्णा वर्तमानपत्र उघडून एकच पान बघत बसले. चौथ्या दिवशी वाटलं, किती दिवस टाळणार? माझ्याकडे ताईचा नंबर नव्हता, म्हणून मी अण्णांचा फोन चालू केला. तेवढ्यात तोच वाजला. नवरा होता.

"अगं, तुझा फोन का उचलत नाहीस? मोठ्याने बोल जरा, इथे रस्ता फोडतायत, कानठळ्या बसल्यात माझ्या."

आणि माझ्या कानावर त्यातलं काहीच येत नव्हतं. नवरा बंद कपाटात बसून बोलत असावा इतकी शांतता.

"तुझ्या बाजूला खरंच मशीन चालू आहे?"

"बहिरी झालीस का?"

"त्याच्या जवळ जा. अजून जवळ. फोन लाव त्याला."

"वेड लागलंय तुला. लोक बघतायत."

"जा म्हणते ना!"

तो गेला. तो काय ओरडत होता ते शब्दन् शब्द ऐकू येत होतं. बाकी काही म्हणजे काही नाही. आजूबाजूचा सगळा कचरा. अण्णांनी चाळीस वर्षं जे ऐकून पोट भरलं, ते सगळं त्या फोनच्या लेखी कचरा होतं.

मी धावत आत गेले. "अण्णा, तुमच्या कानाला काही झालेलं नाही! हा फोनच मशीनचा आवाज खातोय!" मी सगळं सांगितलं. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं ते हसतील. ते म्हणाले, "असं?"

रात्री नवऱ्याने फोनच्या सेटिंगमध्ये तासभर डोकं घातलं, हाती काही लागलं नाही. म्हणून सकाळी मी जुना फोन काढला, त्यात कार्ड घातलं, वायर लावली, प्लगपाशी खुर्ची ठेवली. घाईताईने नवा लूपर बसवून घेतला होता, पण आवाज तोच येतोय म्हणाली. तिने फोन मशीनला लावला.

"येतोय," अण्णा म्हणाले, आणि माझा जीव भांड्यात पडला.

"पुन्हा चालव." मग परत, "पुन्हा चालव."

मग त्यांनी फोन कानापासून दूर केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "धडधड येतेय. बारीक आवाज येत नाही. सहा महिने झाले, येतच नाहीये."

"म्हणजे?"

"विचारून विचारून काढत होतो गं. धागा कुठे तुटतो, कसा तुटतो. त्यावरून कळतं निम्मंशिम्मं. मला वाटलं, फोन बदलला की ऐकू येईल."

 या माणसाने फोन का बदलला ते मला आत्ता कळत होतं आणि मी मात्र दुकानात "हाच घ्या, हाच घ्या" करत नाचले होते. माझे डोळे भरून आले. अण्णांचे कोरडेच होते.

"काका? आहात ना?" फोनमधून ताई ओरडत होती.

अण्णांनी फोन कानाला लावला, ताठ बसले. "ताई, ऐक. त्या दिवशी मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तेल कमी पडलंय, ही मी थाप मारली. लाज वाटली म्हणून. त्या बाईच्या बोटाला लागलं ते माझ्यामुळे."

 मग ताई म्हणाली, "काका, मला आला होता आवाज. काहीतरी घासत होतं. पण तुम्ही तेल म्हणालात, म्हणून मी गप्प बसले."

अण्णांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता ते फोन ठेवतील. पण त्यांनी विचारलं, "कसं घासत होतं?"

"कसं म्हणजे?"

"तोंडाने करून दाखव."

"अहो काका, सगळ्या बघतायत इथे."

"बघू देत."

 मग, अगदी लाजत, "चिर्र... चिर्र..."

"चिर्र का किर्र? नीट सांग. चिर्र असेल तर बेअरिंग, किर्र असेल तर लूपर. लांब स्क्रू ड्रायव्हर घे. टोक मशीनला टेकव, मूठ कानामागच्या हाडाला लाव. हं. घाई करू नकोस."

आम्ही दोघंही थांबलो. 

"किर्र, काका. आणि दर फेऱ्याला एकदा खुट् होतंय."

"मग लूपर सुईला लागतोय. स्क्रू ढिला कर आणि केसभर मागे घे. केसभरच."

आणि तिथे जुन्या फोनने मान टाकली. वायर लावलेली असतानाच. मी कार्ड काढून नव्या फोनमध्ये घातलं, अण्णा "हळू, हळू" म्हणत होते. फोन लावला. ताईचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला. "थांबलं काका! किर्र थांबलं!" तिच्यामागे बायका हसत असणार, पण त्या आम्हाला ऐकू आल्या नाहीत.

तर, नवा फोनच राहिला. कानाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. कानाला यंत्र लावलं तर बोलणं नीट ऐकू येईल म्हणाले, पण ते बारीक आवाज परत येतील याची खात्री देत नाही. "बघू," अण्णा म्हणाले. डॉक्टरांनी लिहून दिलेली यंत्राची चिठ्ठी अजून फ्रिजवर आहे.

पुढचे तीन-चार महिने आमच्या घरात नुसती खडखड, घरघर आणि कुरकुर. अण्णा ताईची शिकवणी घेत होते, आणि मास्तर म्हणून ते भयंकर होते. "खडखड म्हणजे कसली? डब्यात बटणं हलवल्यासारखी का खिळे हलवल्यासारखे?" ताई बिचारी पुन्हा करून दाखवायची. "फटफट नको सांगूस, पट्टा आहे तो, ते कुणालाही कळतं. त्याच्या मागचं ऐक." एकदा ताईने असा काही आवाज काढला की नवरा जेवता जेवता हसून ठसकला. अण्णा त्याच्यावर केवढ्याने खेकसले.

मग फोन कमी होत गेले. दिवसाला दोन होते ते आठवड्याला दोन झाले, मग एक. अण्णा फोन खिशात घालूनच घरात फिरायचे. वाजला नाही तर मधेच काढून बघायचे, बंद तर नाही ना पडला. तो कधीच बंद पडलेला नसायचा. चांगली बॅटरी होती.

परवा दुपारी वाजला. मी भांडी पुसत होते. अण्णांनी लगबगीने उचलला. "बोल. कसा येतोय?"

"येत होता, काका. शेवटच्या मशीनला. कुरकुर, आणि वेग वाढवला की बंद व्हायची. मी मागचं झाकण उघडलं, दांडा फिरतो तिथलं बुशिंग सुकलं होतं. साफ केलं, तेल सोडलं. गेली. नुसतं तुम्हाला सांगायला फोन केला."

 "बरोबर केलंस," अण्णा म्हणाले. "मीही हेच सांगितलं असतं." त्यांना तिचा अभिमान वाटत होता, आणि आता आपली गरज उरली नाही हे गिळताना त्रास होत होता. दोन्ही मला दिसत होतं.

"ठेवू, काका?"

"ठेव." मग लगेच, "नाही, थांब. ते मशीन चालू आहे ना आत्ता?"

"चालू आहे की."

"कसं चालतंय?"

"छान चालतंय."

"तसं नाही," अण्णा हळूच म्हणाले. "करून दाखव ना जरा."

 भर दुपार, ताईसमोर बावीस बायका, काहीही बिघडलेलं नाही. मग फोनमधून आवाज यायला लागला. झर्रर्र... झर्रर्र... संथ, एकसारखा, कुठेही न अडकणारा. अण्णा खुर्चीत मागे टेकले आणि ऐकत राहिले, आणि तीही थांबली नाही.